धुऊन ठेवलेला फ्रिज

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मी अडतीस वर्षं घरोघर जाऊन फ्रिज दुरुस्त केले. घरं नाना तऱ्हेची होती, पण एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे सारखी. मेकॅनिक येणार म्हटलं की घरातली बाई आदल्या दिवशी फ्रिज बंद करायची, सगळा रिकामा करायची, साबणाच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवायची, आणि रात्रभर दार उघडं ठेवून वाळवायची. मी जाईन तेव्हा आत लिंबाचा वास आणि कप्प्यांवर नवीन वर्तमानपत्र. भाजी शेजाऱ्यांकडे, दूध शेजाऱ्यांकडे, बर्फ मोरीत.

मला त्याचं कौतुक वाटायचं. परका माणूस आपल्या फ्रिजमध्ये डोकं घालणार, त्याला सांडलेल्या आमटीचे डाग दिसू नयेत, ही भावना मी समजू शकतो. माझी बायकोही तेच करायची, आणि तिचा मेकॅनिक तर मीच होतो.

पण धुतलेल्या फ्रिजमधून बिघाडही धुऊन जातो. बर्फ कुठे साचला होता, थेंब कुठून गळत होते, कुठली भाजी कुठल्या कोपऱ्यात सडली, यावरून अर्धं निदान होतं. ते सगळं पुसून ठेवल्यावर मेकॅनिकच्या हाती उरतं ते एक कोरडं कपाट. डॉक्टरकडे जाताना ताप उतरवून जावं तसलाच हा प्रकार.

एकाच बाईनं मला कधी फ्रिज धुऊन दाखवला नाही. माथेरानच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीत जानीबाई राहायची. जांभळं, करवंदं टोपलीत घालून कर्जतच्या बाजारात विकायची. कुठल्याशा फार्महाऊसवाल्यानं तिला जुना फ्रिज दिला होता, राहिलेला माल ती त्यात ठेवायची. मी गेलो तेव्हा आत जांभळांचा रस सांडून वाळलेला, मागच्या भिंतीवर हा एवढा बर्फाचा थर.

मी म्हटलं, "अगं, जरा पुसून तरी घ्यायचा."

ती म्हणाली, "पुसू कशाला? तुला रोग बगायचा हाय ना? मंग हाय तसाच दावला पायजे. आनि आइक, ह्यो सकाळच्याला कण्हतो आनि दुपारी गप पडतो. हात ठिवून बग."

मी हात ठेवला. तिचं खरं होतं. तिनं आठवडाभर हात ठेवून जे हेरलं होतं ते माझ्या मीटरनं दहा मिनिटांत पक्कं केलं, एवढंच माझं काम.

याच्या उलट चौक गावचा एक धाबेवाला. त्याच्या फ्रिजमध्ये पनीर, कोंबडी, थंड पेयं, कणकेचे गोळे, सगळं इतकं कोंबलेलं की दार गुडघ्यानं रेटून लावावं लागे. मी दरवेळी सांगायचो, "शेठ, आत हवा फिरायला वाट ठेवा. फ्रिजला श्वास घेऊ द्या."

तो म्हणायचा, "मिस्त्री, गिऱ्हाईक जेवायला येतं हितं. फ्रिजचा श्वास मोजायला कोन येत नाय."

अशी माणसं आठवली की अजून हसू येतं. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा असल्याच दहा-बारा गमती लिहायचं माझ्या मनात होतं. लिहायला बसलो आणि दहिवलीचं एक घर समोर येऊन उभं राहिलं. ते ओलांडून पुढे जाता येईना. तेव्हा आता तेच लिहितो.

त्याआधी थोडं कामाबद्दल सांगावं लागेल.

जुन्या फ्रिजमध्ये थंडी मोजायला थर्मोस्टॅट असायचा. फिरवायची गोल कळ, तिच्यामागून निघालेली बारीक तांब्याची नळी, नळीत थोडा वायू. थंडीनं वायू आकसला की मशीन बंद, पसरला की चालू. रांगडं काम होतं, पण बिघडलं की सरळ बिघडायचं. नंतरच्या फ्रिजमध्ये सेन्सर आला. करंगळीच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा, दोन वायरी, आत एक दाणा. थंडी वाढली की दाण्याचा रोध वाढतो, ऊब लागली की कमी होतो. त्यावरून आतली सर्किटची पाटी ठरवते, मशीन चालवायचं की थांबवायचं.

हा दाणा पार मेला तर सोपं असतं. मीटर लावला की कळतं. अवघड असतं ते तडकलेल्या ठोकळ्याचं. केसाएवढ्या चिरेतून आत ओल शिरते आणि रोध उगाचच कमी दिसायला लागतो. पाटीला वाटतं आत ऊब आहे. मग मशीन थांबतच नाही आणि खालच्या कप्प्यातल्या काकड्यासुद्धा गोठतात. पण तोच सेन्सर एक रात्र वाळू द्या, सकाळी अगदी बरोबर आकडा दाखवेल.

म्हणून त्याची परीक्षा बर्फाच्या पाण्यात घ्यायची असते. पेल्यात बर्फ आणि पाणी, त्यात सेन्सर, आणि पंधरा मिनिटं शांत बसायचं. मी ही परीक्षा दुसऱ्यांना शिकवलेली आहे. घाई असेल तर मात्र आम्ही मुठीची परीक्षा करायचो. सेन्सर मुठीत धरायचा, मीटरवरचा आकडा उतरला की सेन्सर जिवंत. जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं.

दहिवलीच्या त्या घरात प्रकाश, त्याची बायको सुनंदा आणि त्याची आई राहायची. प्रकाश खोपोलीला नोकरीला. आईला मधुमेह, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. म्हातारीचा हात कापायचा, म्हणून इंजेक्शन सुनंदा द्यायची. बाटल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, एका स्टीलच्या डब्यात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी, गौरीगणपतीच्या आधी, सुनंदानं मला बोलावलं. कोथिंबीर काळी पडते, काकडीत बर्फ होतो, दुधावर पापुद्रा धरतो, अशी तक्रार. मी गेलो तेव्हा फ्रिज लखलखत होता. धुऊन, पुसून, रात्रभर उघडा ठेवून वाळवलेला. घरात बर्फाचा खडा नव्हता.

मी म्हटलं, "शेजारून थोडा बर्फ मिळेल का?"

सुनंदा निघाली होती. तेवढ्यात म्हातारी आतून म्हणाली, "बर्फ कशाला? कालपरवापर्यंत तर चांगला चालत हुता. हीच दार उघडं टाकते नि बटनं दाबत बसते. मिस्त्री, तुमीच सांगा हिला."

मला त्या दिवशी आणखी चार घरं होती. सणाच्या तोंडावर आम्हाला श्वास घ्यायला सवड नसते. मी सुनंदाला म्हटलं, राहू दे. सेन्सर काढला, मुठीत धरला, आकडा उतरला. खोलीच्या हवेत धरला, आकडा बरोबर. परत बसवला.

"सेन्सर उत्तम आहे," मी सांगितलं. "फ्रिजमध्ये काही दोष नाही. दार नीट लावत जा आणि त्या बटणांना सारखा हात लावू नका."

म्हातारी म्हणाली, "ऐकलंस ना गं? आता माझं नको, मिस्त्रीचं तरी खरं मान."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. "काका, पण परवा इंजेक्शनची बाटली हातात घेतली तर आत कडक लागलं. गोठली तर चालते का ती?"

मी औषधांतला जाणकार नव्हतो. मला माहीत नाही, केमिस्टला विचार, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मी हसलो. "फ्रिजरच्या खालच्या भागात बाटली गोठते होय? फ्रिजरमध्ये ठेवली होतीस का?"

म्हातारीही हसली. सुनंदानं बाटल्यांचा डबा उचलून परत कप्प्यात ठेवला.

पुढचं मला सात-आठ महिन्यांनी कळलं. त्याच आळीत दुसऱ्या घरी गॅस भरायला गेलो होतो. माझी पेटी बघून सुनंदा दारात आली. "काका, जाता जाता आमचापण बघता का? काकड्या परत गोठतात."

मी आत गेलो. आधी कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे फ्रिज होता तसा होता. मागच्या भिंतीवर बर्फ, टोमॅटो दगडासारखे. आणि दाराचं कुलूप तोडलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"सासूबाईंनी कुलूप लावलं होतं. तुमी मागच्या टायमाला येऊन गेलात त्यानंतर. किल्ली कमरेला. मला दूध पाहिजे झालं तर मागून घ्यायची. रसायनीला गेल्या तेव्हा किल्ली त्यांच्याबरोबरच गेली, मग ह्यांनी कुलूप तोडलं."

"रसायनीला कशाला?"

तिनं सांगायला सुरुवात केली, पण अर्धं प्रकाशनंच सांगितलं. तो त्या दिवशी घरी होता. आईची साखर वाढतच गेली. डॉक्टरांनी विचारलं, औषध थंड जागी ठेवता ना? प्रकाशनं सांगितलं, फ्रिज नुकताच तपासून घेतलाय. मग डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन वेळेवर दिलं जातं का ते बघा. त्यातच पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली, ती भरेना, शेवटी बोट काढावं लागलं. रसायनीहून प्रकाशची बहीण वंदना आली आणि आईला घेऊन गेली. तिकडे नवीन बाटली आणली, डोस तोच ठेवला, आणि महिन्याभरात साखर खाली आली.

"तोच डोस," प्रकाश म्हणाला.  सुनंदा बाजूलाच उभी होती आणि तिला तेवढं पुरेसं होतं. आळीत, नात्यात सगळीकडे एकच झालं होतं, की सून इंजेक्शनं देत नव्हती, दिली तर अर्धी द्यायची.

मी सेन्सर काढला. या वेळी बर्फ फ्रिजमध्येच होता. पेला मागितला, मीटर लावला. पहिली दोन मिनिटं आकडा बरोबर. मग तो उतरायला लागला. हळूहळू, थांबत थांबत. पेल्यात बर्फाचे खडे तरंगत होते आणि त्या आकड्याच्या हिशेबानं पाणी अंगणातल्या हौदासारखं कोमट होतं. मी ठोकळा उजेडात धरला. कडेला चीर होती. चिरेत काळपट बुरशी धरली होती. ती बुरशी कित्येक महिन्यांची होती.

मला सगळं त्याच क्षणी समजलं असं म्हणता येणार नाही. फ्रिज तेव्हाही बिघडलेलाच होता, एवढं मात्र नक्की समजलं.

"सापडलं," मी म्हणालो. "सेन्सर गेलाय."

सुनंदानं लगेच विचारलं, "काका, हा मागच्या वेळेपासूनच गेलेला होता का?"

प्रकाश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तोही माझ्याकडेच बघत होता. माझ्या हातात तो ठोकळा, आणि मला एक शब्द बोलायचा होता. होय.

कर्जतपासून चौकपर्यंत माझं नाव होतं. ह्या माणसानं हात लावला की बिघाड सापडतो, असं लोक एकमेकांना सांगायचे, आणि मला ते कानावर आलेलं आवडायचं. त्या घरातलं एक बोट कापलं गेलं होतं. ते माझ्या नावावर येईल याची मला भीती वाटली.

"छे," मी म्हणालो. "मागच्या वेळी मी स्वतः तपासला होता. उत्तम होता. हा आत्ता अलीकडे गेलाय."

प्रकाश वळला आणि आत निघून गेला. सुनंदानं पेला उचलून मोरीत ओतला. मग म्हणाली, "बसा, चहा टाकते." मी नवा सेन्सर बसवला आणि तिच्या हातचा चहा प्यायलो.

परतताना कर्जतच्या बाजारातल्या केमिस्टकडे थांबलो. इन्सुलिन एकदा गोठून परत पातळ झालं तर काय होतं, असं उगाच विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "दिसायला तसंच दिसतं. पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. फेकून द्यायचं."

म्हणजे सुनंदा रोज दोन वेळा, वेळेवर, पूर्ण मापानं, बिघडलेलं औषध देत होती. ते मला कळलं होतं. दहिवली बाजारापासून किती लांब? तसाच मागे फिरलो असतो तर पंधरा मिनिटांत पोचलो असतो. मी घरी गेलो.

त्यानंतरची वर्षं मी कामं उत्तम केली. बर्फाचा थर्मास नेहमी बरोबर ठेवायला लागलो. फोन आला की आधी सांगायचो, ताई, फ्रिज धुऊ नका, आहे तसा ठेवा. लोकांना ती माझी हुशारी वाटायची. दहिवलीच्या त्या आळीत जायचं मात्र टाळायचो. कुणी बोलावलं तर दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर द्यायचो. प्रकाशची आई चार-पाच वर्षांनी रसायनीलाच वारल्याचं कानावर आलं. तेव्हाही गेलो नाही.

या उन्हाळ्यात मलाही इन्सुलिन सुरू झालं. माझे डोळे आता बारीक रेघा वाचू शकत नाहीत, म्हणून माझी सून रोज सकाळी साडेसातला माप भरते. सुई उजेडाकडे धरून मला दाखवते, "बाबा, बघून घ्या, बरोबर आहे ना?" मला रेघ दिसत नाही. मी "बरोबर आहे" म्हणतो. पहिल्या आठवड्यात एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज डोळे का मिटता? दुखतं का?"

मी म्हटलं, नाही दुखत. आणि त्याच दुपारी रिक्षा करून दहिवलीला गेलो.

सुनंदाचे केस पांढरे झाले आहेत. प्रकाश निवृत्त होऊन घरीच असतो. मी दोघांना समोर बसवलं आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं, केमिस्टसकट.

 प्रकाश सुनंदाकडे वळून म्हणाला, "तू तेव्हा म्हणाली होतीस. बाटली कडक लागते म्हणून."

"चहा गार होतोय," ती म्हणाली. त्याला की मला, कळलं नाही.

मी माफी मागायला लागलो तेव्हा तिनं हात वर केला. "काका, मला काय सांगताय? मी दिलेलं मला माहीत हाय. रोजचं दिलंय. ज्यांना माहीत नाय त्यांना सांगा ना. वन्संना सांगा. सासूबाई गेल्या तेव्हा मी पाणी पाजायला पुढं झाले, तर वन्संनी सगळ्यांच्या देखत माझ्या हातातली वाटी काढून घेतली. म्हणाल्या, तुझ्या हातचं नको."

प्रकाश उठून अंगणात गेला.

दोन दिवसांनी मी रसायनीला गेलो. वंदनाताई वयानं साठीच्या पुढच्या, बोलायला कडक. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता सांगताय? आई गेल्यावर? ती जाईस्तोवर सुनेच्या नावानं बोटं मोडत होती. तिच्या जिवंतपणी सांगितलं असतंत तर?"

"चुकलं," मी म्हणालो. 

"तुमचं चुकलं म्हणून मोकळे झालात. माझं काय? मी कुठं कुठं बोलले नाही? मावशीकडे, दोन्ही काकांकडे, सासरी, नणंदेच्या मुलीच्या लग्नात. आता ह्या वयात घरोघर जाऊन मी तोंडानं कसं सांगू?" त्या रडायला लागल्या, आणि रडताना आणखी चिडल्या. "तुम्ही लिहा. त्या तुमच्या अंकात लिहिणार म्हणालात ना? गमती नका लिहू. हे लिहा. मी अंक घेते आणि एकेकाच्या हातात नेऊन देते."

मी विचारलं, "नावं बदलून लिहू का?"

"ते तिला विचारा."

तिथूनच मी सुनंदाला फोन लावला. वंदनाताई बाजूला बसून ऐकत होत्या. सुनंदा म्हणाली, "काका, इतकी वर्षं सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव होतं ना? मग तेच लिहा." मग म्हणाली, "वन्सं तिथंच हायेत का?"

मी फोन वंदनाताईंच्या हातात दिला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बराच वेळ झालं.

तर ज्यांच्या हातात वंदनाताई हा अंक आणून देतील त्यांच्यासाठी लिहितो. दहिवलीच्या सुनंदानं आपल्या सासूला एकही इंजेक्शन चुकवलं नाही. एकदाही कमी दिलं नाही. फ्रिज बिघडलेला होता. ते तिनं ओळखलं होतं आणि मला बोलावून सांगितलं होतं. मी तो नीट तपासला नाही, आणि पुढे खरं कळल्यावर तिच्यासमोर, तिच्या नवऱ्यासमोर खोटं बोललो. दोष तिचा नव्हता, माझा होता.